तात्काळ नसलेलं दुखणं

प्रति,
मा. अध्यक्ष,
भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण,
हैदराबाद



मी साताऱ्यात एका माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते. वय ४४. गेल्या वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत पुण्याला माझ्या दोन्ही स्तनांचा आकार कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली. आमच्या घरात छाती हा शब्दसुद्धा सर्दी-खोकल्यापुरताच उच्चारला जायचा, त्यामुळे हे एक वाक्य कागदावर उतरवायला मला बरेच दिवस लागले. हेच पत्र बंद पाकिटातून पाठवता आलं असतं. उघड लिहिते आहे, कारण प्राधिकरणाने ठरवून दिलेल्या एका कलमाबद्दल मला आपल्याशी बोलायचं आहे आणि त्या कलमाची झळ माझ्यासारख्या अनेकींना लागते. शिवाय ज्या बायका ही शस्त्रक्रिया करावी की करू नये या विचारात आहेत, त्यांच्याही हाती हे पडावं. मी विचारात होते तेव्हा ओळखीत विचारावं अशी एकही बाई मला सापडली नव्हती.

आधी खांद्याबद्दल सांगते. माझ्या दोन्ही खांद्यांवर एकेक खाच आहे. ब्राच्या पट्टीची. करंगळी आडवी ठेवली तर तिच्यात अर्धी बसते. आठवीत असताना पट्टीचा नुसता लाल वळ उठायचा, रात्री झोपेपर्यंत तो जायचा. दहावीत तो सकाळपर्यंत राहू लागला. पहिल्या बाळंतपणानंतर तिथली कातडी काळी पडली आणि दुसऱ्यानंतर खाली मांसात खोलगट जागा झाली. नववीच्या वर्गाला मी नदीचं खनन कार्य शिकवते. पाणी मऊ असतं, पण ते रोज वाहतं, म्हणून कातळ कापला जातो, असं सांगताना मुली वहीत लिहून घेत असतात आणि माझा हात नकळत खांद्यावर जातो.

फळ्यावर नकाशा काढायला हात वर केला की मानेपासून पाठीच्या पात्यापर्यंत कळ यायची. चौथ्या तासानंतर करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर व्हायचं. उन्हाळ्यात स्तनाखालच्या घडीत घाम साचून कातडी सोलवटायची, म्हणून तिथे सुती रुमालाची घडी ठेवायची मला सवय होती. पर्समध्ये रोज तीन रुमाल असत, दोन घडीसाठी आणि एक तोंड पुसायला. औषधाच्या दुकानातून आणलेल्या मलमाने आठ दिवस बरं वाटलं, मग चट्टे दुप्पट पसरले. पुढे त्वचारोगतज्ज्ञांनी सांगितलं की त्या मलमात स्टिरॉइड होतं, ते अशा बुरशीला वाढवतं. हे सांगते आहे कारण रुमालाची घडी ठेवणाऱ्या कितीतरी बायका हेच मलम लावत असतील.

उपाय करायचे राहिले नव्हते. हाडांच्या डॉक्टरांकडे मानेचे आणि पाठीचे एक्स-रे झाले, गोळ्या झाल्या, दोन वेळा फिजिओथेरपी झाली. वजन कमी करा म्हणाले, तर चौदा महिन्यांत अकरा किलो कमी केलं. कंबर उतरली, चेहरा उतरला, ब्लाऊज शिवणाऱ्या ताईंनी माप घेतलं तेव्हा छाती फक्त एका इंचाने उतरली होती. स्तनात चरबी किती आणि दुधाच्या ग्रंथींचा भाग किती हे प्रत्येकीचं वेगळं असतं, म्हणून वजन उतरल्यावर एखादीचा आकार घटतो आणि एखादीचा घटत नाही. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या 'ब्राव्हो' नावाच्या अभ्यासात हेच तपासलं होतं. वजन घटवणं, व्यायाम, औषधं, चांगला आधार देणारी ब्रा यांनी अशा बायकांना कायमचा आराम पडला नाही, शस्त्रक्रियेने मात्र दुखणं लक्षणीय घटलं. मी तो अभ्यास फार उशिरा वाचला. आधी वाचला असता तर निदान स्वतःला आळशी समजण्यात काही वर्षं गेली नसती.

आता कलमाकडे येते. २०१९ साली प्राधिकरणाने आरोग्य विम्यात काय वगळायचं याची भाषा सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी केली. त्याआधी प्रत्येक कंपनीचा कागद निराळा असायचा आणि आम्हाला त्यातलं काही उमगायचं नाही, म्हणून ते काम मोलाचं होतं असं मी मनापासून मानते. त्या यादीत सांकेतिक क्रमांक ०८ हा सौंदर्य किंवा प्लास्टिक शस्त्रक्रियेचा आहे. त्याचा आशय असा, की रूप बदलण्यासाठीच्या उपचाराचा खर्च मिळणार नाही. अपघात, भाजणं किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना असेल तर मिळेल. किंवा प्रकृतीला असलेला थेट आणि तात्काळ धोका दूर करण्यासाठी ते वैद्यकीयदृष्ट्या गरजेचं आहे असं उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी प्रमाणित केलं, तर मिळेल.

माझ्या डॉक्टरांनी प्रमाणपत्र दिलं. सोबत एक्स-रे, फिजिओथेरपीच्या पावत्या, त्वचारोगतज्ज्ञांचे कागद, वजनाच्या नोंदी असं सगळं जोडलं. कंपनीचं उत्तर चार ओळींचं आलं. रुग्णाच्या प्रकृतीला थेट व तात्काळ धोका दिसत नाही, सबब कलम ०८ नुसार नामंजूर. सोळा वर्षं मी त्या पॉलिसीचा हप्ता एकदाही चुकवलेला नाही. शेवटी शिक्षक पतपेढीकडून दोन लाखांचं कर्ज काढलं, ते अजून पगारातून कापलं जातं.

त्या उत्तरातल्या 'तात्काळ' या शब्दावर मी खूप विचार केला, साहेब. खरं सांगायचं तर कंपनीचा अधिकारी त्या शब्दापुरता खोटं बोललेला नाही. माझा जीव उद्या जाणार नव्हता. पण तीस वर्षांत हळूहळू झालेली खाच कुठल्या दिवशी तात्काळ होते? मणका झिजल्यावर? बोटांची बधिरता कायमची झाल्यावर? हा शब्द कलमात आहे तोवर सावकाश वाढणारं कुठलंही दुखणं त्यात बसणार नाही, मग डॉक्टरांनी कितीही प्रमाणपत्रं लिहून दिली तरी. आणि अशी शस्त्रक्रिया एकदा सौंदर्याच्या खात्यात गेली की तिला वस्तू व सेवा करातून आरोग्यसेवेची सूटही मिळत नाही, १८ टक्के वर द्यावे लागतात. एका शब्दापायी आमच्यासारख्यांच्या खिशाला दोनदा चाट बसते.

'प्लास्टिक' या शब्दानेही गैरसमज होतो. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ घडवणं, आकार देणं. प्लास्टिक सर्जरीच्या शास्त्राने युरोपात पुन्हा उचल खाल्ली ती आपल्या पुण्याच्या एका गोष्टीमुळे. टिपूच्या सैनिकांनी नाक कापलेल्या कावसजी नावाच्या बैलगाडीवानाचं नाक पुण्याजवळच्या एका वीटभट्टीवाल्या समाजातल्या कारागिराने कपाळाच्या कातडीतून घडवलं. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ती हकिकत छापून आली आणि तिथले शल्यवैद्य ती पद्धत शिकले. कावसजी नाकाशिवायही जगला असता. तरी त्याला कुणी हौशी म्हटल्याचं ऐकिवात नाही.

ही शस्त्रक्रिया म्हणजे नेमकं काय, ते माझ्यावर जसं झालं तसं आता सांगते. आपल्याला कलम तपासताना त्याचा उपयोग होईल आणि बाकीच्या वाचणाऱ्या बायकांना निर्णय घेताना.

सर्जन निवडताना मी एक गोष्ट पाहिली, ती म्हणजे प्लास्टिक सर्जरीतली एम. सीएच. किंवा डीएनबी ही पदवी. दवाखान्याच्या पाटीवर 'कॉस्मेटिक' लिहिलं म्हणून तेवढं शिक्षण झालेलं असतंच असं नाही. डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे तपासता येते. मुंबईतल्या केईएम, सायन, नायर अशा रुग्णालयांत प्लास्टिक सर्जरीचे विभाग आहेत, खर्चाच्या दृष्टीने तिथे जरूर चौकशी करावी.

पहिल्या भेटीत डॉक्टरांनी सर्वात आधी विचारलं, "मिश्री लावता का?" मला आश्चर्य वाटलं. आमच्या भागात मिश्री लावणाऱ्या बायका आजही घरोघर आहेत आणि ती कुणी व्यसनात धरत नाही. पण ती भाजलेली तंबाखूच. तंबाखूतल्या निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि या शस्त्रक्रियेत सगळा भरवसा त्या बारीक रक्तवाहिन्यांवर असतो. निदान चार आठवडे आधीपासून आणि जखमा भरेपर्यंत ती पूर्ण बंद हवी, मिश्री असो, विडी असो की सिगारेट. मी लावत नाही. पण घरी येऊन मोठ्या जाऊबाईंना हे सांगितलं, कारण त्यांच्याही खांद्यावर खाचा आहेत.

त्यानंतर मॅमोग्राफी झाली, चाळिशीनंतर ती आधी करून घेतात. रक्त, साखर, थायरॉईड तपासलं. वजन काही महिने स्थिर हवं, नाहीतर शस्त्रक्रियेनंतर पुन्हा आकार बदलतो. मूल हवं असेल तर तेही आधीच बोलून घ्यावं, त्याकडे मी नंतर येते.

शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी मला उभं करून जांभळ्या शाईच्या पेनाने खुणा केल्या. हे उभं राहूनच करावं लागतं, कारण आडवं झालं की स्तन बाजूला सरकतात आणि माप चुकतं. गळ्याखालच्या खळगीपासून स्तनाग्रापर्यंत टेप धरली. साधारण २१ ते २३ सेंटीमीटर असावं, असं डॉक्टर म्हणाले. माझं उजवीकडे ३४ आणि डावीकडे ३३ भरलं. मग त्यांनी स्तनाखालच्या घडीत बोट ठेवलं आणि त्याच उंचीवर पुढच्या बाजूला एक ठिपका काढला. स्तनाग्राची नवी जागा ती. समोर आरसा होता. त्या ठिपक्याकडे बघताना मला पहिल्यांदा कळलं की ही शस्त्रक्रिया नुसती कापून टाकण्याची नाही.

जमेल तशा सोप्या शब्दांत सांगते. स्तनाग्र शरीरापासून तोडत नाहीत. त्याला रक्त आणि संवेदना पोचवणारी मांसाची पट्टी तशीच ठेवतात, फुलाला देठ असावा तशी. आजूबाजूची चरबी, ग्रंथी आणि जादा कातडी काढतात, देठासकट स्तनाग्र वर नेतात आणि उरलेल्या कातडीचा नवा स्तन शिवतात. कातडी कुठे कापायची याच्या आकृत्या आहेत. त्यातली एक रॉबर्ट वाइज या अमेरिकन सर्जनने १९५६ साली मांडली, ब्रा बेतण्याच्या नमुन्यांवरून, आणि ती आजही जगभर वापरली जाते. तिच्यात स्तनाग्राभोवती एक गोल, तिथून खाली एक उभी रेघ आणि घडीत एक आडवी रेघ असे टाके येतात, जहाजाच्या नांगरासारखे. आकार थोडा कमी करायचा असेल तर आडवी रेघ टाळता येते. आणि स्तन फारच मोठे, फार ओघळलेले असतील तर देठाला रक्त पुरेल याची खात्री नसते, तेव्हा स्तनाग्र काढून कातडीच्या तुकड्यासारखं पुन्हा बसवावं लागतं. त्यात संवेदना आणि दूध पाजणं दोन्ही जातं. आपल्या बाबतीत यातलं काय होणार आहे, हा प्रश्न प्रत्येकीने डॉक्टरांना सही करण्याआधी विचारलाच पाहिजे.

पूर्ण भूल दिली होती. साडेतीन तास लागले. शुद्धीवर आले तेव्हा तोंड कोरडं होतं, मळमळत होतं, छातीवर पट्टी घट्ट होती आणि दोन्ही बाजूंनी बारीक नळ्या बाहेर आल्या होत्या, रक्तमिश्रित पाणी निघून जावं म्हणून. त्या सगळ्यांनाच लावत नाहीत. दुखत होतं, पण मला वाटलं होतं तेवढं नाही. नर्सताईंनी टेकून बसवलं आणि मी मान वर केली. पाठीच्या पात्यांमधली ती रोजची कळ तिथे नव्हती. टाके दुखत होते, छाती ठणकत होती, आणि ती एक जागा, जी तीस वर्षं कधी गप्प बसली नव्हती, ती गप्प होती. मी रडले तेव्हा नर्सताईंना वाटलं की इंजेक्शन हवं आहे.

काढलेला भाग पॅथॉलॉजीला पाठवतात. सगळं ठीक दिसत असलं तरी क्वचित त्यात लपलेला कर्करोग सापडतो, म्हणून ही तपासणी टाळायची नसते. माझ्या रिपोर्टात सगळं व्यवस्थित होतं. त्यावर वजन लिहिलेलं असतं. उजवा ६४० ग्रॅम, डावा ५८५ ग्रॅम. बेरीज जवळजवळ सव्वा किलो. घरी आल्यावर मुलाला सव्वा किलो बटाटे पिशवीत भरायला सांगितलं आणि ती पिशवी गळ्यात अडकवून पंधरा मिनिटं स्वयंपाकघरात उभी राहून बघ म्हटलं. तो बारावीत आहे. सात मिनिटांनी त्याने पिशवी काढून ठेवली आणि बराच वेळ काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. पुढचे दिवस सोपे नसतात, ते कुणी लपवू नये. पहिले दोन आठवडे पाठीवरच, उशांना टेकून झोपायचं. हात खांद्याच्या वर न्यायचे नाहीत, म्हणून वेणी बहिणीने घातली. सहा आठवडे जड उचलायचं नाही. बादली, भरलेला कुकर, कणीक मळणं, कपडे पिळणं हे सगळं त्यात येतं. आपल्याकडच्या बाईला डॉक्टरांनी नुसतं 'जड काम नको' म्हटलं की ती घरकाम त्यात धरतच नाही, म्हणून हे शब्द उच्चारून सांगायला हवेत आणि घरातल्या पुरुषांसमोर सांगायला हवेत. पुढून हुक असलेली आधाराची ब्रा सहा आठवडे दिवसरात्र घालायची. नवी महागडी ब्रा मात्र काही महिने घेऊ नये, सूज उतरेपर्यंत माप बदलत राहतं. बसून काम असेल तर दोन-तीन आठवड्यांत कामावर जाता येतं. मला शाळा उघडेपर्यंत वेळ मिळाला हे माझं नशीब.

तिसऱ्या दिवशी मन एकदम खचलं. पट्टी बदलताना आरशात पाहिलं तर सुजलेले, चौकोनी दिसणारे, काळेनिळे स्तन, त्यावर टाके. हे मी काय करून बसले, असं वाटलं. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की पहिल्या काही आठवड्यांत आकार बघायचाच नाही, खरा आकार सहा महिन्यांनी ते वर्षाने कळतो. तरी वाटायचं ते वाटलंच. हा दिवस बहुतेकींना येतो, तेव्हा जवळ कुणी असावं.

तिसऱ्या आठवड्यात उजवीकडे, जिथे उभे टाके आडव्या टाक्यांना मिळतात, तिथे जखम उघडली. एक रुपयाच्या नाण्याएवढी. त्या कोपऱ्यावर सगळा ताण येतो आणि रक्त तिथे सर्वात उशिरा पोचतं, म्हणून या शस्त्रक्रियेत जखम उशिरा भरण्याची तक्रार सर्वात जास्त तिथेच असते. रोज ड्रेसिंग करून पाच आठवड्यांत ती भरली. जंतुसंसर्ग, आत रक्त साचणं, चरबीची गाठ होणं, दोन्ही बाजूंत फरक राहणं, आणि फार क्वचित रक्त न मिळाल्याने स्तनाग्र गमावणं, हे धोकेही असतात. मधुमेह असेल, तंबाखू असेल, वजन फार असेल तर ते वाढतात. डाव्या स्तनाग्राची संवेदना माझी पाच महिने गेली होती, आता बरीच परत आली आहे, पूर्ण नाही. व्रण लालसर होते, ते वर्ष-दीड वर्षात फिके पडतात, पण जात नाहीत. आपल्या सावळ्या कातडीवर ते जाड होण्याचा किंवा केलॉइडची गाठ येण्याचा संभव जास्त. कान टोचलेल्या जागी गाठ आली असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावं.

दूध पाजण्याबद्दल मुलींना खरं सांगायला हवं. देठ राखून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर अनेकजणी पाजू शकतात, काहींना दूध कमी पडतं, काहींना येत नाही. आधी खात्री कुणीच देऊ शकत नाही. म्हणून काहीजणी मुलं झाल्यावर करून घेतात, बाळंतपणात आकार पुन्हा बदलतो हेही त्यामागचं कारण असतं. पण हा निर्णय तिचा हवा. आमच्याकडे 'आधी लग्न होऊ दे, मग बघू' म्हणतात. मला माझ्या आईने हेच सांगितलं होतं, प्रेमानेच. रोमानियाची टेनिसपटू सिमोना हालेप हिने २००९ साली, वयाच्या सतराव्या वर्षी ही शस्त्रक्रिया करून घेतली. २०१८ मध्ये ती फ्रेंच ओपन जिंकली आणि २०१९ मध्ये विम्बल्डन. मी खेळाडू नाही. पण आठवीत मी लांब उडीत तालुक्यात दुसरी आले होते आणि नववीत खेळाचा गणवेश नको म्हणून नाव काढून घेतलं, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

आता माझी विनंती.

आपल्याच यादीत क्रमांक ०८ च्या आधी क्रमांक ०६ आहे, लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेचा. तोही वगळलेला आहे, पण कधी द्यायचा याच्या स्पष्ट अटी तिथे लिहिल्या आहेत. डॉक्टरांचा सल्ला हवा, वैद्यकीय कार्यपद्धतीचा आधार हवा, वय १८ पूर्ण हवं, बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त हवा, किंवा ३५ वा त्याहून जास्त आणि सोबत हृदयविकार, तीव्र स्लीप ॲप्निया, आटोक्यात न येणारा मधुमेह असे आजार हवेत, आणि वजन कमी करण्याचे सौम्य उपाय अपयशी ठरलेले हवेत. तिथे 'तात्काळ' हा शब्द नाही. सावकाश वाढणारा आजारही आजारच असतो हे तिथे प्राधिकरणाने मान्य केलं आहे. तसंच चार-सहा ओळींचं कलम स्तनांच्या अतिवाढीसाठी लिहा, एवढंच माझं मागणं आहे. ठरावीक महिने कागदोपत्री नोंदलेला त्रास, हाडांच्या डॉक्टरांची आणि त्वचारोगतज्ज्ञांची तपासणी, साध्या उपायांचा प्रयत्न, पात्रताप्राप्त प्लास्टिक सर्जनचं मत. या अटी कडक असल्या तरी चालतील. त्या लिहिलेल्या असाव्यात, म्हणजे बाईला काय गोळा करायचं ते आधी कळेल आणि कंपनीला चार ओळींत विषय संपवता येणार नाही.

एका बाबतीत मात्र सावध राहावं अशी विनंती आहे. अमेरिकेत कित्येक विमा कंपन्या किती ग्रॅम काढणार यावर मंजुरी ठरवतात. कुठे एका बाजूला ५०० ग्रॅम, कुठे १९९१ साली डॉ. श्नर यांनी मांडलेला, शरीराच्या आकारमानाशी वजन जोडणारा तक्ता. सरसकट ग्रॅम धरले तर आपल्याकडच्या लहान चणीच्या बायका बाहेर पडतील. पाच फुटांच्या बाईला एका बाजूला ३५० ग्रॅमही पुष्कळ होतात. शिवाय आकडा गाठण्यासाठी गरजेपेक्षा जास्त काढलं जाण्याची भीती आहेच. वजन हा एक पुरावा असू द्या, फाटकावरचा पहारेकरी नको.

प्राधिकरणाच्या २०२४ च्या परिपत्रकाने कुठलाही दावा कंपनीच्या समितीच्या मंजुरीशिवाय फेटाळता येणार नाही असं ठरवलं, ते फार चांगलं झालं. अजून एक करता येईल. नकाराच्या पत्रात कुठला कागद अपुरा पडला हे लिहिणं सक्तीचं करा. माझ्या पत्रात ते असतं तर मी तो कागद आणून दिला असता.

आणि ज्या बहिणी हे वाचत आहेत त्यांना एवढंच, की आजपासून कागद जपा. पाठ दुखते म्हणून गोळी घेतली तर चिठ्ठी मागून घ्या, घडीत चट्टे आले तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवून नोंद करून घ्या, खांद्यावरच्या खाचेचा फोटो तारखेसह काढून ठेवा. दावा नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा, ३० दिवसांत समाधान झालं नाही तर विमा लोकपालांकडे जा. त्यांची कार्यालयं मुंबईत आणि पुण्यात आहेत, फी लागत नाही, वकीलही लागत नाही. कंपनीच्या अंतिम नकारानंतर वर्षभराची मुदत असते. मी दमले होते, ती मुदत माझ्या हातून गेली. तुम्ही जाऊ देऊ नका.

आमच्या शिक्षकखोलीत माझ्या शेजारी बसणारी एक बाई आहे, विज्ञान शिकवते, वय २९. पावसाळ्यात एकदा तिने दार लावून घेतलं आणि साडीचा पदर बाजूला करून मला खांदा दाखवला. ओळखीची खाच होती, माझ्याहून खोल. तिचे दोन वर्षांचे कागद आम्ही दोघींनी मिळून फाईलला लावले आहेत, त्वचारोगतज्ज्ञांचे, फिजिओथेरपीचे, सर्जनच्या प्रमाणपत्रासकट. दिवाळीच्या सुट्टीची तारीख मिळाली आहे. मंजुरीचा अर्ज पुढच्या सोमवारी कंपनीकडे जाईल आणि तो अर्ज ज्या टेबलावर उघडला जाईल तिथे अजून तरी क्रमांक ०८ ची तीच ओळ आहे.

कळावे,

आपली नम्र,
एक पॉलिसीधारक शिक्षिका
सातारा